पेरणीच्या निरोपामागचा रुपया

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

रोहिणी सरत आली, मृगाची चाहूल लागली, की मराठवाड्यात आणि विदर्भात घरोघरी एकच प्रश्न असतो. पेरायचे की थांबायचे? एखादा दमदार पाऊस पडतो, वाफसा येतो, शेजारच्याने तिफण जुंपली म्हणून आपणही जुंपतो, आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहते. उगवलेले कोंब डोळ्यांदेखत करपतात. बियाण्याची बॅग, खताचे पोते, ट्रॅक्टरचे भाडे, सगळे मातीत जाते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कोणापुढे तरी हात पसरावा लागतो. ज्याच्या शेतात विहीर नाही त्याच्या अख्ख्या वर्षाचा हिशेब या एका निर्णयावर ठरतो.

अशा वेळी मोबाइलवर एक निरोप येतो. पुढचे पाच दिवस हलक्या पावसाची शक्यता आहे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. एवढाच मजकूर. शेतकऱ्याला त्याचा एक पैसाही पडत नाही. पण या दोन ओळी तयार व्हायला समुद्रातले तरंगते मापक, आकाशातले उपग्रह, पुण्यातला महासंगणक, कृषी विद्यापीठातला तज्ज्ञ आणि रोज सकाळी पर्जन्यमापकापाशी जाणारा निरीक्षक असे सगळे राबलेले असतात, आणि या सगळ्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून होतो. आज मला त्या रुपयाविषयी बोलायचे आहे. तो कुठून निघतो, कोणत्या वाटेने जातो आणि निरोप शेतकऱ्याच्या बांधावर पोचायच्या वेळीच तो हमखास का आटतो, याविषयी.

हवामान बदलावरचे संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सौरऊर्जेची तावदाने आणि विजेवर चालणाऱ्या मोटारी येतात. तेही महत्त्वाचे आहेच. पण बदल थोपवण्याइतकेच त्याच्याशी जुळवून घेण्याचे संशोधनही लागते, आणि आपल्यासारख्या पावसावर जगणाऱ्या देशाला ते आधी लागते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या, म्हणजे आपल्या पाषाणच्या 'आयआयटीएम'मधल्या शास्त्रज्ञांच्या संपादनाखाली भारतापुरता हवामान बदलाचा पहिला सविस्तर अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, असे त्यात नोंदवले आहे. त्याआधी २०१७ मध्ये याच संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले होते की, १९५० नंतर मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. एकूण पाऊस थोडा कमी, पण पडतो तेव्हा धो धो, आणि मध्ये लांबलचक उघडीप. आजोबांनी नक्षत्रांवरून बांधलेला ठोकताळा नातवाला पुरत नाही, तो यामुळे.

ठोकताळ्याच्या जागी अंदाज द्यायचा तर त्याला पैसा लागणार, आणि तो सार्वजनिकच असणार. कारण पावसाचा अंदाज एकाला विकून दुसऱ्यापासून लपवून ठेवता येत नाही. एका गावाला कळला तो शेजारच्या गावाला कळतोच. असा माल कोणता व्यापारी तयार करील?

हे आपल्याकडच्या राज्यकर्त्यांना बरेच आधी उमगले होते. भारतीय हवामान खाते १८७५ साली सुरू झाले ते दुष्काळांच्या आणि वादळांच्या पार्श्वभूमीवर. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरजवळच्या त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. बसथांब्यालाही तेच नाव आहे. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीला गेले, तरी नाव काही गेले नाही. याच पुण्यात १९३२ साली शेतीच्या हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला आणि त्याला सुरुवातीचा पैसा दिला तेव्हाच्या कृषी संशोधन परिषदेने. म्हणजे हवामान एका खात्याचे, शेती दुसऱ्या खात्याची, आणि दोघांनी मिळून एक प्रश्न सोडवायचा, असा सरकारी संशोधन प्रकल्प आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वीही होता. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची खास वार्तापत्रे देशी भाषांतून प्रसारित होऊ लागली. ज्या माध्यमातून मी आत्ता बोलतो आहे त्याच माध्यमातून, म्हणजे रेडिओवरून.

आता पैशाच्या वाटेकडे वळू. सरकारचा संशोधनावरचा पैसा साधारण तीन वाटांनी जातो. पहिली वाट संस्थेच्या वार्षिक अनुदानाची. त्यातून पगार, इमारत, वीजबिल भागते. दुसरी वाट प्रकल्पाची. एखाद्या महाविद्यालयातला किंवा विद्यापीठातला प्राध्यापक प्रस्ताव पाठवतो, तज्ज्ञांची समिती तो तपासते आणि तीन वर्षांसाठी ठरावीक रक्कम मंजूर होते. तिसरी वाट 'मिशन'ची. एक उद्दिष्ट ठरवायचे, त्याला पाच वर्षांची मुदत आणि एकगठ्ठा तरतूद द्यायची आणि अनेक संस्थांना त्याला जुंपायचे. जून २००८ मध्ये केंद्र सरकारने हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, त्यात अशी आठ मिशने होती. सौरऊर्जा, पाणी, हिमालय, शेती आणि इतर. त्यांतले एक तर खास हवामान बदलाविषयीचे ज्ञान वाढवण्यासाठीच होते.

या तिन्ही वाटांवर एक नाका सारखाच आहे, तो ३१ मार्चचा. मी काही वर्षे एका संशोधन संस्थेत प्रकल्पांचे हिशेब जवळून पाहिले आहेत. मंजुरी एप्रिलची असली तरी पहिला हप्ता यायला बऱ्याचदा दिवाळी उजाडते. मार्चअखेर तो खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले नाही, तर पुढचा हप्ता अडकतो. आता पेरणी जूनमध्ये आणि पैसा नोव्हेंबरात, तर खरिपाचा प्रयोग करायचा कसा? आमच्या तिथे एका वर्षी खरिपाच्या प्रयोगाचे मजूर खर्चाचे पैसे जानेवारीत आले. तोवर प्रकल्पाच्या तरुण सहायकाने स्वतःच्या खिशातून मजुरी भागवली होती, आणि त्याची स्वतःची पाठ्यवृत्ती तीन महिने थकलेली होती. पाऊस आर्थिक वर्ष पाहून पडत नाही, हे लेखा विभागातही सर्वांना ठाऊक असते. पण नियमात ते लिहिलेले नसते.

असो. या वाटांवरून गेलेला पैसा फळाला कसा येतो, याचे एक चांगले उदाहरण आपल्या घरचेच आहे. १९८८ पासून हवामान खाते मोसमी पावसाचा अंदाज सोळा घटकांच्या सूत्राने देत असे. डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते सूत्र. कुठले तापमान, कुठला वायुदाब, हिमालयातले बर्फ, अशा सोळा खुणा पाहून देशाच्या एकूण पावसाची टक्केवारी सांगायची. पुष्कळ वर्षे ते चांगले चालले. मग २००२ साल उजाडले. अंदाज होता सरासरीइतक्या पावसाचा. प्रत्यक्षात जुलैतला पाऊस सरासरीच्या निम्म्यावर आला आणि हंगामाचा पाऊस १९ टक्क्यांनी कमी पडला. पुढच्याच वर्षी सूत्र बदलले. तरी २००४ च्या आणि २००९ च्या दुष्काळांनी पुन्हा चकवले. २००९ मध्ये तूट २२ टक्क्यांची होती.

अडचण सूत्राच्या मुळातच होती. जुन्या खुणांवरून पुढचे सांगणे म्हणजे मागचा रस्ता पाहून गाडी हाकणे. रस्ता सरळ आहे तोवर ठीक, पण हवामानच बदलू लागले की खुणा खोट्या पडतात. दुसरा मार्ग होता तो समुद्र, जमीन आणि वातावरण यांच्या हालचालींची गणिते थेट संगणकावर सोडवण्याचा. पण त्यासाठी लागणारे संगणक आणि माणसे, दोन्ही आपल्याकडे पुरेशी नव्हती.

२०१२ मध्ये पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने 'मान्सून मिशन' सुरू केले ते यासाठी. सूत्रधार पुण्याची आयआयटीएम. या मिशनमधली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. आपण सगळे शून्यापासून उभे करू, असा हट्ट त्यांनी धरला नाही. अमेरिकी हवामान केंद्राचे एक तयार संगणकीय प्रारूप पायाला घेतले आणि ते आपल्या पावसासाठी सुधारायचे ठरवले. सुधारण्यासाठी देशातल्याच नव्हे, तर परदेशातल्या विद्यापीठांनाही प्रकल्प दिले. आपला पैसा आणि परदेशी प्राध्यापक, यावर कोणी नाक मुरडले असेलही, पण अट अशी होती की काम याच प्रारूपावर करायचे. म्हणजे निबंध कोणाच्याही नावावर छापून आला, तरी सुधारणा आपल्या यंत्रात उतरणार. संशोधनाचा पैसा दहा दिशांना विखुरला की त्यातून निबंध निघतात. तो एका वस्तूवर केंद्रित झाला की वस्तू सुधारते.

ती वस्तू किती सुधारली, हे समजून घ्यायला एक सोपे गणित करू. संगणक पृथ्वीवर चौकटींचे जाळे पसरतो आणि प्रत्येक चौकटीसाठी एकच उत्तर देतो. हंगामाच्या अंदाजाची चौकट साधारण ३८ किलोमीटर बाजूची. म्हणजे चौदाशे चौरस किलोमीटरहून मोठी. आपल्या महाराष्ट्रातला तालुका सरासरी साडेआठशे चौरस किलोमीटरचा असतो. अख्ख्या तालुक्याला एक उत्तर आणि वर शेजारचा अर्धा तालुका फुकट! पुढच्या काही दिवसांच्या अंदाजासाठी चौकट १२ किलोमीटरवर आली, तेव्हा एका तालुक्यात सहा उत्तरे मिळू लागली. मे २०२५ मध्ये 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही आयआयटीएमने घडवलेली प्रणाली राष्ट्राला अर्पण झाली, तिची चौकट ६ किलोमीटरची आहे. आता तालुक्यात चोवीस. पण चौकटीची बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात आणि गणिताची पावलेही दुपटीने टाकावी लागतात. म्हणजे काम आठपट. म्हणून तर महासंगणक लागतात. जानेवारी २०१८ मध्ये पुण्यात 'प्रत्यूष' आला. त्याचा नॉयडातला जोडीदार 'मिहिर'. दोघे मिळून सुमारे ४३८ कोटींचे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्या पुढच्या पिढीचे 'अर्का' आणि 'अरुणिका' आले, तो प्रकल्प ८५० कोटींचा. त्याच महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन मौसम'ला दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपये मंजूर केले. यंत्रांच्या बाबतीत आपण हात आखडता घेतलेला नाही, हे मान्य करायला हवे.

मग प्रश्न येतो, यातून मिळाले काय? दिल्लीच्या 'एनसीएईआर' या अर्थशास्त्रीय संशोधन संस्थेने २०२० मध्ये याचा हिशेब मांडला. मान्सून मिशन आणि महासंगणक यांवर मिळून सुमारे १,००० कोटी रुपये खर्च झाले होते. कोरडवाहू जिल्ह्यांतल्या जवळपास चार हजार शेतकऱ्यांना विचारले गेले. त्यांतल्या ९८ टक्क्यांनी हवामान सल्ल्यावरून आपल्या शेतीत काही ना काही बदल केला होता. वाण बदलले, नांगरट पुढेमागे केली, फवारणी टाळली, काढणी लवकर उरकली, अशा नऊ गोष्टी पाहिल्या होत्या. ज्यांनी काहीच बदल केला नाही त्यांचे सरासरी वार्षिक उत्पन्न १ लाख ९८ हजार रुपये निघाले, आणि ज्यांनी नऊच्या नऊ गोष्टी पाळल्या त्यांचे ३ लाख २ हजार. एकूण हिशेब असा की, गुंतवलेल्या एका रुपयामागे पाच वर्षांत पन्नास रुपयांचा लाभ.

हे आकडे मी ऐकवतो आहे खरा, पण थोडे जपून घ्यावेत. नऊच्या नऊ गोष्टी बदलणे कोणाला जमते? ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे, पंप आहे, हाताशी चार पैसे आहेत त्याला. त्याचे उत्पन्न सल्ल्याशिवायही थोडे जास्तच असते. म्हणून पन्नास रुपयांतले सगळे पन्नास अंदाजाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. निम्मे धरा, चौथाई धरा. तरी एका रुपयाचे बारा होतात. मला नाही वाटत, दुसऱ्या फारशा सरकारी योजना एवढे परत देत असतील.

या हिशेबात एक कडी मात्र गृहीत धरलेली आहे, ती सांगणाऱ्या माणसाची. पावसाचा अंदाज आणि शेतीचा सल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'उद्या वाऱ्याचा वेग वाढेल' हा अंदाज झाला. 'उद्या फवारणी करू नका, केळीला आधार द्या' हा सल्ला. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करायला त्या भागातली माती, पीक, त्याची अवस्था ठाऊक असलेला माणूस लागतो. हवामान खात्याच्या 'ग्रामीण कृषी मौसम सेवे'त परभणी, राहुरी, अकोला, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांतून हे काम होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याची पत्रिका निघते. देशभरात अशी १३० केंद्रे. जिल्ह्याला एकही पूर्ण केंद्र नाही, म्हणून २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीची छोटी केंद्रे उघडायला सुरुवात झाली. एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक. ठरवली होती ५३०, त्यांतली १९९ उघडली. जिल्ह्याऐवजी तालुक्याचा सल्ला मिळू लागला तो यांच्यामुळे.

२०२४ च्या सुरुवातीला ही १९९ केंद्रे बंद करण्याचा आदेश निघाला. कर्मचारी कंत्राटी, योजनेची मुदत संपलेली. हवामानाच्या नोंदी आता यंत्रे आपोआप करतात, मग माणसे कशाला, असा विचार त्यामागे असल्याचे तेव्हा वृत्तपत्रांतून छापून आले होते. केंद्रे पुन्हा सुरू करावीत, अशी मागणी नंतर होत राहिली. मला या प्रकरणातला आकड्यांचा विरोधाभास खटकतो. दोन वर्षांत दोन हजार कोटींचे मिशन मंजूर करणाऱ्या देशाला जिल्ह्यामागे दोन माणसांचे पगार जड व्हावेत? त्याचे कारण कोणाच्या दुष्टाव्यात शोधू नये. ते पैशाच्या वर्गवारीत आहे. महासंगणक हा भांडवली खर्च, तो एकदाच होतो आणि त्याचे उद्घाटन करता येते. सल्ला देणारा माणूस हा आवर्ती खर्च, तो दर महिन्याला होतो. आणि गंमत अशी की, संशोधनाच्या खात्याला वाटते, हा विस्ताराचा, म्हणजे शेती खात्याचा खर्च. शेती खात्याला वाटते, हा हवामानाचा. १९३२ साली दोन खात्यांनी मिळून जे केले ते आता दोघांच्या मधोमध पडते.

सांगणारा माणूस आणि संशोधन यांची गाठ बांधून दिली तर काय होते, हेही आपण पाहिलेले आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने फेब्रुवारी २०११ मध्ये 'निक्रा' नावाचा प्रकल्प सुरू केला. हवामानाला तोंड देऊ शकेल अशी शेती, हा त्याचा विषय, आणि मुख्य केंद्र हैदराबादची कोरडवाहू शेती संशोधन संस्था. एका हाताने प्रयोगशाळेत दुष्काळ सोसणारी वाणे शोधायची आणि दुसऱ्या हाताने देशातल्या सुरुवातीला शंभर आणि पुढे दीडशेवर जिल्ह्यांत एकेक गाव घेऊन तिथे प्रयोग करायचे, अशी त्याची रचना. गावात हवामान जोखमीची समिती, भाड्याने अवजारे देणारे केंद्र, आणि कृषी विज्ञान केंद्राचा माणूस पाठीशी. याच प्रकल्पातून देशातल्या ५७३ ग्रामीण जिल्ह्यांची पाहणी झाली आणि ३१० जिल्हे हवामान बदलाच्या दृष्टीने जास्त किंवा अतिशय जास्त जोखमीचे ठरले.

आपल्या सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांना 'बीबीएफ' माहीत आहे. रुंद वरंबा आणि दोन्ही बाजूंना सरी. पाऊस जास्त झाला तर सरीतून निघून जातो, उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते. ही कल्पना हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेत १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी घडली. तिथून शेतापर्यंत यायला तिला तीस-चाळीस वर्षे लागली. कारण कल्पना होती, पण ट्रॅक्टरला जोडायचे पेरणीयंत्र गावात नव्हते, आणि एवढे यंत्र एकट्याने विकत घेणे परवडत नव्हते. 'निक्रा'सारख्या योजनांतून अवजार गावात भाड्याने मिळू लागले, तेव्हा वरंबे दिसू लागले. संशोधन चाळीस वर्षे तयार होते, अडले होते भाड्याच्या अवजारापाशी. महाराष्ट्रात २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून जो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे 'पोकरा', पाच हजारांवर गावांत चालला, त्यातही गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे साधन मुंबईच्या आयआयटीने करून दिले. तिथेही पैसा कर्जाचा असला, तरी संशोधक आणि गाव एकाच योजनेत होते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण सरकारकडे पैसा कुठे आहे? याचे उत्तर जरा कडू आहे. पैसा होता. २०१०-११ च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर टनामागे ५० रुपयांचा उपकर लावला. चंद्रपूर-वणीच्या खाणींतून निघणाऱ्या कोळशालाही तो लागू होता. त्यातून 'राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी' उभारायचा आणि तो स्वच्छ ऊर्जेच्या संशोधनावर आणि नव्या प्रकल्पांवर खर्च करायचा, असे ठरले. जो प्रदूषण करतो त्याच्याकडून घ्यायचे आणि उपाय शोधणाऱ्याला द्यायचे. कल्पना इतकी सरळ की कोणालाही पटावी. दर वाढत गेला. २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४०० रुपये. २०१७-१८ पर्यंत या उपकरातून ८६,४४० कोटी रुपये गोळा झाले. त्यांतले निधीत वळते झाले २९,६४५ कोटी. आणि प्रकल्पांना प्रत्यक्ष दिले गेले १५,९११ कोटी. शंभरातले जेमतेम अठरा.

जे दिले गेले त्यातही नव्या शोधांपेक्षा मंत्रालयांच्या नेहमीच्या योजनांचा भरणा होता. गंगेच्या स्वच्छतेलाही त्यातून पैसा गेला. ते काम वाईट होते असे नाही, पण निधी त्यासाठी उभारलेला नव्हता. खरी गोष्ट अशी की, चांगले संशोधन प्रस्ताव तयार करायला, तपासायला आणि वेळेवर हप्ता द्यायला जी यंत्रणा लागते ती उभी न करताच तिजोरी आधी भरली. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, तेव्हा हा उपकर रद्द झाला आणि त्याच ४०० रुपयांचा राज्यांना भरपाई देण्यासाठीचा नवा उपकर लागला. कोळसा तोच, रक्कम तीच, फक्त खाते बदलले. सप्टेंबर २०२५ मध्ये तोही गेला आणि कोळशावरचा कर ५ वरून १८ टक्के झाला. तो सर्वसाधारण तिजोरीत जातो. संशोधनाचे नाव त्यावर उरलेले नाही.

नव्या व्यवस्थाही आल्या आहेत. २०२३ च्या कायद्याने 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' स्थापन झाले. पाच वर्षांत ५०,००० कोटींचे लक्ष्य, त्यांतले सरकारचे १४,००० कोटी, उरलेले मुख्यतः उद्योगांकडून आणि देणग्यांतून यायचे. जुलै २०२५ मध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन-विकास निधीला मंजुरी मिळाली. ऊर्जा आणि हवामान हे त्याच्या विषयांत आहेत. त्यातून खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, कमी व्याजाचे कर्ज मिळणार. बॅटरी, हायड्रोजन, नव्या प्रकारचा सिमेंट, यांना याचा उपयोग होईल, कारण ती विकता येतात आणि कर्ज फेडता येते. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के, म्हणजे रुपयामागे एका पैशाहूनही कमी खर्च करतो. तेव्हा कोणत्याही वाटेने भर पडली तर हवीच आहे. पण पेरणीचा सल्ला विकून कोण कर्ज फेडणार? तिथे अनुदानच लागते, आणि तेही दरवर्षी, मृगाच्या आधी.

जाता जाता २०२५ च्या खरिपाची एक हकिकत सांगतो. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात आला, दोन दिवसांत मुंबईत पोचला, आणि मग मध्येच सुमारे तीन आठवडे अडकला. लवकर आला म्हणून लवकर पेरणारे त्यात सापडणार होते. केंद्रीय कृषी मंत्रालयाने त्या हंगामात तेरा राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पाऊस केव्हा सुरू होईल याचे निरोप पाठवले होते, आणि मधल्या या उघडिपीची सूचना त्यांत होती. मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये नंतर किसान कॉल सेंटरमार्फत फोनवर विचारपूस झाली, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी आपले पेरणीचे बेत त्यानुसार बदलल्याचे सांगितले.

हे अंदाज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दोन प्रारूपांवरून काढले होते. एक गूगलचे आणि दुसरे युरोपातल्या देशांनी वर्गणी काढून चालवलेल्या हवामान केंद्राचे. दोन्ही सर्वांना खुली, कोणीही घ्यावीत अशी. पण ती जशीच्या तशी आपल्याला लागू पडली नसती. त्यांना जोड दिली ती भारतीय हवामान खात्याच्या सव्वाशे वर्षांच्या पर्जन्यनोंदींची. कुठल्या तरी तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या आवारात, सकाळी साडेआठ वाजता पर्जन्यमापकातले पाणी मापून वहीत आकडा लिहिणाऱ्या माणसांनी त्या नोंदी केल्या. त्यांचा पगारही सरकारी तिजोरीतूनच होत असे, आणि तो आवर्ती खर्च होता.